अठरा हात चपडा

तांब्यात गोमूत्र होतं. मला ते लगेच कळलं, कारण खोलीभर स्पिरीटचा वास होता आणि स्पिरीटच्या वासात दुसरा वास लपत नाही. म्हातारीनं तुळशीची डहाळी तांब्यात बुडवली आणि मी अर्ध्या तासापूर्वी पूर्ण केलेल्या देव्हाऱ्यावर झटकली. एकदा. दोनदा. मग दारांवर. मग कळसावर. मग मी आठ दिवस जिथं मांडी घालून बसले होते त्या फरशीवर. शेवटी उंबऱ्याबाहेर, माझ्या चपलांच्या भोवती.

मी तिथंच होते. डब्यात ब्रश भरत होते. मी जाईपर्यंत थांबावं एवढंही त्यांना वाटलं नाही.

मी म्हणाले, "मोठ्याई, ओलं लावू नका. पॉलिश आजून कच्चं हाय."

म्हातारी माझ्याशी बोललीच नाही. सुनेला म्हणाली, "हिला सांग, आम्हाला शिकवू नको म्हणावं."

सुनेला मी वहिनी म्हणत होते. कालपर्यंत ती मला "ताई, चहा घ्या" म्हणत होती. आज म्हणाली, "झालं असंल तर निघा."

निघाले. फाटकाजवळ कचऱ्याचा डबा होता. आठ दिवस मी ज्या कपातून चहा प्याले तो कप त्यात पडलेला होता. फुटलेला नव्हता. कानसुद्धा शाबूत होता. मी तो बघितला आणि पुढं चालायला लागले.

सकाळपर्यंत हे असं नव्हतं. सकाळी मला यायला उशीर झाला म्हणून वहिनीनं पहिल्यांदाच मला फोन लावला. हल्ली नंबर लावला की फोनवर नाव उमटतं. आपण स्वतःला दिलेलं नाव नव्हे, लोकांनी आपला नंबर ज्या नावानं ठेवलेला असतो ते. जालन्यात कुणीतरी माझा नंबर ठेवला होता, "पॉलिशवाली मांगीण". कोण तो, मला आजही माहीत नाही. ज्याच्या घरचा दरवाजा मी चमकवला असेल असाच कुणी असणार.

दुपारी वहिनीनं फोन माझ्या डोळ्यांपुढं धरला. "हे तुमचंच हाय ना?"

मी वाचलं. हो म्हणाले.

"मंग पिंपळगावकर कोण?"

याचं उत्तर द्यायला मला लाज वाटली. आजही वाटते. पण ते झाकलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. आम्ही मातंग. भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई आमचं गाव. मला कामं मिळवून देणारा ठेकेदार होता दत्ता. त्यानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "आडनाव इचारलं तर गावाचं नाव सांग. म्होरं कर लाव. कुणाला काय कळतंय." सहा वर्षं मी पिंपळगावकर होते. देव्हारे केले, झोपाळे केले, लग्नातले पाट केले. शहाणपणा समजून केलं. पोटासाठी केलं असं म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर मला तसं हाक मारलेलं आवडायचं.

चपडा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लाखेचे पातळ पापुद्रे असतात, पिवळट तपकिरी. ते स्पिरीटमध्ये भिजत घातले की विरघळतात. तेच पॉलिश. सुती कपड्यात कापूस गुंडाळून गद्दी करायची, ती चपड्यात बुडवून लाकडावर फिरवायची. स्पिरीट उडून जातं, लाख राहते. एका फिरवणीला एक हात म्हणतात. एक हात दिला की काहीच दिसत नाही. पाच दिले की लाकूड जागं होतं. दहा-बारा दिले की त्यात खोली दिसायला लागते, सागाच्या रेषा आत कुठंतरी हलतात. घाई केली की गद्दी चिकटते आणि खालचे सगळे हात फाडून वर येते. मग पहिल्यापासून.

हे मला कासीमचाचांनी शिकवलं. एमआयडीसीच्या कडेला फर्निचरचं एक शेड होतं. माझी आई तिथं भुसा झाडायची आणि मी घासकाम करायचे, म्हणजे पॉलिश पेपरनं लाकूड घासून गुळगुळीत करायचं. चाचा तिथले पॉलिशवाले. एकदा त्यांनी बघितलं की मी घासलेली फळी हाताच्या मागच्या बाजूनं तपासते. मला कुणी शिकवलं नव्हतं. बोटांची कातडी घासून घासून जाड होते, तिला काही कळत नाही, म्हणून मी आपली उलटा हात फिरवायचे. चाचा म्हणाले, "इधर आ." त्या दिवसापासून पेपर सुटला आणि गद्दी आली.

गद्दीला त्यांनी नवं कापड लावू दिलं नाही. "नवा कपडा नक्को. सौ बार धुला हुआ ला." मी आईचं जुनं लुगडं आणलं. त्याच शेडमध्ये आईला तयार मालाला हात लावायची मनाई होती. मालक म्हणायचा, हात मळके असतात बाई तुझे. आणि तिच्या लुगड्याचे तुकडे जालन्यातल्या कपाटांवरून, पलंगांवरून फिरत होते. आईला हे सांगितलं की ती पदर तोंडाला लावून हसायची. आई गेली. लुगडं राहिलं. मी ते वीतभर वीतभर कापून वापरते.

आणि चाचांनी एक गोष्ट पहिल्या दिवशीच सांगितली होती. "पानी इसका दुश्मन हय. ऊपर से घंटे में सूखता, अंदर से आठ दिन बच्चा रहता. आठ दिन पानी दिखाना नईं."

दत्ताला मी हे बजावून सांगितलं होतं. तो देव्हारा साधा नव्हता. घनसावंगीकडचं मोठं बागायती घराणं, शेकडो एकर ऊस, अंबडच्या रस्त्याला नवा बंगला. देव्हारा माझ्या डोक्याइतका उंच, जुन्या सागाचा. दोन दारं, दारांवर वेल, वेलीत दोन मोर. सुतारानं काम जीव ओतून केलं होतं, मोराच्या पिसाऱ्यात सुद्धा रेघ न् रेघ. त्या रेघांत गद्दी जात नाही. तिथं बारीक ब्रशनं चपडा भरावा लागतो आणि कोपऱ्यात साचला की काडीला कापूस लावून टिपावा लागतो. आधी शंखजिऱ्याची पांढरी पूड, पिवडी आणि थोडी हिरमजी असे मातीचे रंग कालवून लाकडाची छिद्रं भरली. मग एकेक हात. आठ दिवसांत अठरा. मी आयुष्यात एवढं चांगलं काम केलेलं नव्हतं. शेवटचा हात दिला तेव्हा दारात माझा चेहरा दिसत होता, आणि माझ्या चेहऱ्यामागं मोर.

"आठ दिवस तसाच ऱ्हाऊ द्या," मी दत्ताला म्हणाले होते.

"येडी का तू? गुरवारी वास्तुशांत हाय. सोमवारी हातावेगळं कर."

सोमवारी हातावेगळं केलं. सोमवारीच ते शिंपडणं झालं.

मंगळवारी सकाळी दत्ताचा फोन. "पॉलिश फुटलं. जल्दी ये."

मी जाऊन बघितलं. जिथं जिथं थेंब पडला तिथं तिथं पांढरा डाग. एका मोराच्या मानेवरून खाली ओघळ आलेला, तोही पांढरा. कळसावर ठिपके. गोमूत्र नुसतं पाणीसुद्धा नाही, त्यात खार असतो, तो लाखेला खातो. पांढऱ्या डागांच्या मधे लाख चिकट झाली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती.

घराचे मालक भाऊसाहेब समोर उभे होते. "कसला माल वापरला? स्वस्तातला?"

मी म्हणाले, "साहेब, काल ह्याच्यावर ओलं पडलं."

सगळ्यांना माहीत होतं काय पडलं ते. म्हातारी खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "देवाधर्माच्या गोष्टीनं कुठं काय खराब होतंय व्हय? हिच्या हातातच खोट हाय."

मी दत्ताकडं बघितलं. त्याला मी बजावलेलं होतं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "चुकलं तिचं, साहेब. करून देती ती." मग माझ्याकडं वळला. "सांग ना. चुकलं म्हणून सांग."

वहिनीनं फोन काढला. "असं न्हाई. व्हिडिओत बोला. उद्या म्हनाल आम्ही काई बोललोच न्हाई."

दत्ता माझ्या कानाशी आला. "बोलून टाक. इथंच मिटतंय. न्हाईतर समद्या जालन्यात तुझं काम बंद."

मी बोलले. माझ्या चुकीमुळं देव्हाऱ्याचं पॉलिश खराब झालं, मी माफी मागते. एवढंच.

वहिनी म्हणाली, "आवाज येऊन न्हाई राह्यला. पुन्हा."

मी पुन्हा बोलले.

"मान वर करा. तोंड दिसू द्या."

तिसऱ्या वेळी त्यांचं समाधान झालं. तिन्ही वेळा मी तेच खोटं बोलले, आणि तिसऱ्या वेळी ते मला सोपं गेलं. मला सगळ्यात जास्त चीड त्याची येते.

मग म्हणाले, डाग आत्ताच काढ. पण असं नाही. आधी मागच्या दारानं जा, तिथं नळ आहे, अंघोळ कर. मी घरून अंघोळ करून आले होते. कुणी विचारलं नाही. धुण्याच्या दगडामागं एक ताडपत्री बांधलेली होती. तिच्या आडोशाला मी बादलीभर थंड पाणी अंगावर घेतलं. वहिनीनं एक जुनी साडी लांबून टाकली. ती अर्धी ओल्या फरशीवर पडली. ती नेसले. मग तिनं भांडी घासायचे रबरी हातमोजे दिले.

"हे घालूनच हात लावायचा."

"वहिनी, मोजे घालून चपडा कळत न्हाई हाताला."

"घालूनच."

गद्दी कुठं ओढते, कुठं सरकते, ते कातडीला कळतं. मोज्यात काहीच कळत नव्हतं. स्पिरीटनं रबर फुगलं आणि मोजा गद्दीला चिकटायला लागला. तरी मी केलं. स्पिरीटचा अगदी हलका हात फिरवला की पांढरा डाग जातो, आत शिरलेली ओल स्पिरीटबरोबर उडून जाते. चार तास लागले. म्हातारी खुर्चीत बसून काठीनं दाखवत होती. "हितं. हितं बी. हे काय, आंधळी हायेस का?" त्यांचेच थेंब. त्यांनीच टाकलेले. ते मी एकेक करून पुसत होते, मोजे घालून, त्यांच्या टाकून दिलेल्या साडीत, आणि मधूनमधून चुकलं म्हणत होते.

दारं पुन्हा चमकली. सोमवारसारखी नाही, पण चमकली.

मी ताडपत्रीमागं जाऊन माझी साडी नेसले. त्यांची साडी परत द्यायला गेले तर वहिनी मागं सरकली. "न्या ती तुम्हीच. आम्हाला काय करायची."

निघताना भाऊसाहेबांना म्हणाले, "साहेब, येवढ्या बारीला तरी ओलं लावू नका. पाया पडते." पाया पडते, असं मी म्हणाले. फाटकातून मागं वळून बघितलं. खिडकी उघडी होती. म्हातारी तांब्या घेऊन देवघरात चालली होती. मी ओरडले नाही. बोंब मारायला हवी होती. मी रिक्षा बघायला लागले.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ दत्ताच्या ग्रुपवर आला. त्या ग्रुपवर जालन्यातले सगळे सुतार, पॉलिशवाले, फर्निचरवाले. माझा चेहरा, वर केलेली मान, तिसऱ्या वेळचा तो सोपा आवाज. खाली लोकांनी हसण्याची चिन्हं टाकली होती. एकानं लिहिलं, "हे असंच होतं." दुसऱ्यानं विचारलं, "कोणत्या समाजाची?" तिसऱ्यानं उत्तर दिलं.

बुधवारी मी कासीमचाचांकडं गेले. जुन्या जालन्यात एका खोलीत राहतात. हात थरथरतात, काम सुटलंय. मला वाटलं होतं, चाचा डोक्यावर हात ठेवतील. मी त्यासाठीच गेले होते.

ते म्हणाले, "व्हिडिओ देखा मैं. सच बोल. क्या गिरा उस पे?"

मी सांगितलं. दोन्ही वेळचं सांगितलं.

चाचा म्हणाले, "उनो जो करे सो करे. उनो तो वैसेइच. तू कायकू बोली? चालीस साल का हुनर दिया मैं तेरे कू. तू एक मिनट में झूठा कर दी."

"चाचा, काम बंद केलं असतं त्यांनी."

"तो करने देना था."

त्यांनी चहा सांगितला नाही. बस म्हणाले नाहीत. भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मी दारात थोडा वेळ उभी राहिले आणि घरी आले. त्या दिवशी मी चाचांचा राग राग केला. म्हातारा खोलीत पडून बोलतो, त्याचं काय जातंय, असं वाटलं. पण घरी आल्यावर हात धुताना माझ्या नखांकडं बघितलं. चपडा नखांत शिरून कायमचा राहतो, कशानं निघत नाही. मी त्या नखांकडं बघत राहिले आणि मला कळलं की मी जात लपवली तेव्हाही खोटं बोलले होते आणि व्हिडिओतही. दोन्ही वेळा त्यांना बरं वाटावं म्हणून. पहिलं खोटं पचलं नसतं तर दुसरं तोंडात आलं नसतं.

गुरुवारी सकाळी साडेसातला दत्ताचा फोन. "पुन्हा पांढरं झालं. अकराला पाव्हणे येऊन राह्यलेत. आत्ताच्या आत्ता जा, स्पिरीट मारून काढून टाक. मी न्हाई येत, मला दुसरी साईट हाय."

मी म्हणाले, "जाते."

मी दुकान उघडायला लावून पाच लिटर स्पिरीट घेतलं. डाग काढायला पावशेर पुरतं. पेटीतून आईचं लुगडं काढलं, उरलं होतं तेवढं सगळं. त्यांची साडी मी धुऊन वाळवली होती. तिची घडी घातली.

बंगल्यासमोर मांडव होता. दारात रांगोळी. मी मागं गेले नाही. रांगोळीला पाय न लावता पुढच्या दारानं आत गेले. उंबऱ्यावर त्यांची साडी ठेवली.

वहिनी धावत आली. नव्या साडीत होती, केस ओले. "मागून यायचं सांगितलं होतं ना!"

"मागून न्हाई येणार."

तिला भांडायला वेळ नव्हता. देव्हारा डागांनी भरलेला होता. या वेळी सढळ हातानं शिंपडलं असणार, मोराचा पिसारा अर्धा पांढरा झाला होता. देवघरात आणि बाहेरच्या दिवाणखान्यात मिळून आठ-दहा माणसं होती. भाऊसाहेब सोवळ्यात, उघडे, खांद्यावर उपरणं. त्यांचे भाऊ, भावजया. गुरुजी पाट मांडत होते. देव अजून ताम्हणातच होते. सगळ्यांच्या अंघोळी झालेल्या. मुहूर्त जवळ आला होता.

मी म्हणाले, "समई विझवा. स्पिरीट हाय, पेट घेतं."

विझवली. निमूटपणे विझवली. मला ते आठवतं.

मी लुगड्याची जाड घडी केली, स्पिरीटमध्ये चिंब भिजवली आणि मोराच्या छातीवर दाबून धरली. हातमोजे नव्हते. आज वहिनीनं पुढं केले तेव्हा मी घेतले नाहीत.

थोडा वेळ काही होत नाही. मग लाख मऊ होते. मग घसरते. मग कापडावर तपकिरी उतरते. मी कापड खाली ओढलं आणि त्याच्याबरोबर अठरा हात खाली आले. मोराची छाती उघडी पडली, नुसतं लाकूड.

त्यांना वाटलं डाग काढतेय. मी दुसऱ्यांदा कापड भिजवलं. तपकिरी ओघळ फरशीवर आला तेव्हा वहिनीला कळलं. "अहो, रंग उतरून राह्यला हा!"

मी म्हणाले, "उतरवतेच हाय. तुम्हाला माझा हात लागलेला चालत न्हाई ना. मंग मी माझा हात काढून नेते. अठरा चढवल्ते, अठराच्या अठरा नेते."

भाऊसाहेब ओरडले, "थांबवा तिला! अरे, धरा कुणीतरी!"

त्यांचा धाकटा भाऊ पुढं झाला. दोन पावलं आला. म्हातारी खुर्चीतून किंचाळली, "शिवू नको रे! समदं पुन्यांदा करावं लागंल, अंघोळ, सोवळं! मुहूर्त टळंल!"

तो थांबला.

मला थांबवायला माझं मनगट धरावं लागलं असतं. एवढंच करायचं होतं. खोलीत चार धडधाकट पुरुष होते. त्यातल्या एकानं माझं मनगट धरलं असतं तर देव्हारा वाचला असता. कुणी धरलं नाही. ते माझ्याभोवती हातभर अंतर ठेवून उभे राहिले आणि ओरडत राहिले. शिव्या दिल्या. आईवरून दिल्या. तिचंच लुगडं माझ्या हातात होतं. पोलिसात देऊ म्हणाले, कापून काढू म्हणाले, आणि तेवढ्यात मी दुसरं दार घेतलं.

मी घाई केली नाही. घाई केली तर चट्टे राहतात. वरून खाली, रेषेच्या दिशेनं, जसं चढवलं तसंच. पिसाऱ्याच्या रेघांत काडीला कापूस लावून काढलं. कळस काढला. आतली फळी काढली, जिथं देव बसणार होते. मध्ये एकदा मला रडू आलं. ते त्यांच्यासाठी नव्हतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी माझ्याच हातानं पुसत होते आणि ते किती चांगलं होतं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. डोळे खांद्याला पुसले आणि पुढचा कोपरा घेतला.

पाऊण तास लागला. देव्हारा उभा होता, कोरडा, फिक्का. सुताराच्या हातून बाहेर पडला तेव्हा होता तसा. मी तपकिरी झालेले लुगड्याचे तुकडे गोळा केले. फरशीवरचा ओघळही पुसून घेतला. माझं काही तिथं ठेवायचं नव्हतं.

वहिनीच्या हातात फोन होता. मी तिच्याकडं वळले. "काढा की आता व्हिडिओ. मान वर हाय. आवाज पण येतोय." मग मी माझं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं आणि आडनाव सांगितलं. आमचं, खरं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या घरात ते मोठ्यानं बोलले. "माझ्या पॉलिशमधी खोट नव्हती. तुम्ही दोन येळा गोमूत्र टाकलं म्हणून ते गेलं. मंगळवारी मी खोटं बोलले. ते माझं चुकलं."

तिनं फोन वर केला नाही. मी पुढच्या दारानं बाहेर आले. रस्ता द्यायला सगळे भिंतीला चिकटले. शिवायला नको म्हणून.

पोलीस आले नाहीत. मी चार दिवस घरात वाट बघितली. तक्रार द्यायची तर देव्हाऱ्यावर काय शिंपडलं, कुणामुळं शिंपडलं, तेही लिहून द्यावं लागलं असतं. ते त्यांनी टाळलं. पण बाकीचं सगळं झालं. दत्तानं ग्रुपवर लिहिलं, या बाईला कुणी काम देऊ नये. त्यानं मला ग्रुपमधून काढलं. तो व्हिडिओ अजून फिरतो, मधेच कुणीतरी पुन्हा टाकतं. उन्हाळाभर मला गद्दी धरायला मिळाली नाही. बियाण्याच्या कारखान्यात पोती शिवली. बोटांना सुई टोचायची, तेव्हा त्या मोरांची आठवण यायची.

कासीमचाचांना मी सगळं सांगितलं. ते शाबास म्हणाले नाहीत. म्हणाले, "पूरा निकाला? के दाग छोड़ी?"

"पुरा निकाला."

त्यांनी मान हलवली आणि चहा सांगितला.

आता हळूहळू कामं येतात. ठेकेदारामार्फत नाही, मी स्वतः घेते. फोनवर माझं नाव मी बदलून घेतलं, पूर्ण नाव, आडनावासकट, पुढं पॉलिश कारागीर. लोकांनी जे ठेवलंय ते त्यांच्याकडं असेल, असू दे. नव्या घरी गेले की डबा खाली ठेवायच्या आधी, दारातच आडनाव सांगते. कुणी विचारायची वाट बघत नाही. काहींची नजर बदलते. काही म्हणतात, बघतो, कळवतो. ते कळवत नाहीत. मी डबा उचलते आणि जाते.

जे आत घेतात त्यांनाही मी सांगते. आठ दिवस पाणी लावायचं नाही. काही शिंपडायचं असलं तर माझ्या कामाआधी लाकडावर शिंपडा, कोरडं झालं की मी सुरू करते. माझा हात फिरल्यावर शिंपडाल तर मी परत येईन, आणि डाग काढायला येणार नाही.

पॉलिशला लागतं त्यापेक्षा जास्त स्पिरीट मी आता सोबत नेते.